विहिरीत सोडलेली पेटी

साठ मोजून झाले. मी दोर ओढला. नवरा वर आला नाही.

त्याच्या कमरेचा दोर नेहमी मीच धरायची. लोकांच्या विहिरींत पडलेल्या, पाणी उपसायच्या मोटारी बुडी मारून काढायच्या, हा त्याचा धंदा. साठ झाले की त्याने खूण केली नाही तरी ओढायचं, हे आमचं ठरलेलं. मी चौथी शिकले. साठ मोजायला तेवढं पुरतं.

त्या दिवशी त्याने पाण्यात उतरायचंच नव्हतं. कान फुटला होता. आणखी एक बुडी मारलीत तर खालीच चक्कर येईल, असं धुळ्याच्या डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, भाऊऐवजी माझा कॅमेरा उतरवू. मोटार कुठे पडली ते दिसलं की वरूनच लोखंडी आकडा टाकून ओढायची." दीर लग्नांचं शूटिंग करायचा. त्याचं पोट त्याच कॅमेऱ्यावर होतं.

पण कॅमेरा पाण्यात घालायचा कशात? मुंबईहून मागवलेली जाड प्लास्टिकची पिशवी होती, पुढे काच बसवलेली. आणि धुळ्याच्या वर्कशॉपात करून घेतलेली लोखंडी पेटी, काचेभोवती रबर, चारी बाजूंनी नटबोल्ट. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. दीर पिशवीला चिकटून. नवरा सारखा येरझाऱ्या घालायचा, "दोन्ही फेक, मी जास." स्वतःच उतरायचं त्याच्या डोक्यात होतं.

शेवटी मी दोन्हींत एकेक वाळलेला पापड ठेवला आणि दिवसभर हौदात बुडवून वर दगड ठेवले. पिशवीतला पापड नरम पडला. पेटीतला कडकन मोडला.

"पेटी," मी म्हणाले.

दगड का ठेवावे लागले, याचा विचार मी केला नाही, त्यांनीही नाही.

मोटार पडलेल्या विहिरीवर गेलो, तर पेटी बुडेचना. नवरा हसला, "हाई तं बदक शे!" मग तिला वाटणाचा दगडी पाटा बांधला. ती गेली, ती पाइप आणि कपारीच्या मध्ये अडकली. वरही येईना, खालीही जाईना.

मी "कान" म्हणेपर्यंत त्याने कमरेला दोर बांधलासुद्धा. "कॅमेरा गया तं त्याना धंदा बुडना," एवढं बोलून त्याने उडी मारली.

सत्तर झाले. मी ओढलं की दिराच्या हातातला दोरही हलायचा. दोन्ही दोर एकमेकांत गुरफटले होते.

"पेटीचा दोर सोड."

"वहिनी, कॅमेरा..."

"सोड म्हणते ना! नाहीतर तुलाच ढकलते."

त्याने सोडला. माझा दोर एकदम ढिला पडला, मग जड लागला. आम्ही दोघांनी ओढलं. नवरा वर आला तेव्हा ओठ निळे, कानातून रक्त.

पेटी तळाला गेली. ती कोरडी राहिली की नाही, कुणाला माहीत नाही. मी कुणालाच खाली उतरू दिलं नाही. दीर पुढे चाळीसगावला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागला.

नवऱ्याचा उजवा कान गेला. तो जगला.