क्लेम फॉर्मातलं कुत्रं

आमच्या गाडीपुढं कुत्रं आडवं आलं नव्हतं. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण विमा कंपनीच्या कागदावर ते आलेलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

मी नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवतो. डोकं लवकर तापतं, हे बायकोपासून शाळेच्या शिपायापर्यंत कुणीही सांगेल. कुणी माझ्या गाडीला लिंबू-मिरची बांधली तर ती सोडून घरी नेतो आणि लिंबू वरणात पिळतो. वर्गात पोरांना ओरडून सांगतो, "नसलेलं दिसत नसतं रे, दिसलं तर डोळे तपासून घ्या." एवढं ओरडायचं कारण म्हणजे माझा मोठा भाऊ.

आम्ही मूळचे लातूरचे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, हुशार, हाताला येईल ते दुरुस्त करणारा. कॉलेजात असताना त्याला रस्त्यावर काहीबाही दिसायला लागलं. मला सायकलच्या नळीवर बसवून निघालेला असायचा आणि मधेच कचकन ब्रेक दाबायचा. म्हणायचा, "थांब, तिथं कुणीतरी ठेवलंय." रस्ता मोकळा असायचा. मग झोपेत बोलणं सुरू झालं, दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. एका दुपारी त्यानं आपल्या चपला दारात जोडीनं, सरळ लावून ठेवल्या आणि अनवाणी निघून गेला. तो पुन्हा सापडला नाही. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यानं तांब्याच्या तारेनं शिवलेला होता. आईनं त्या चपला कितीतरी वर्षं कपाटाखाली ठेवल्या आणि शेवटी माझ्याच हातानं मांजरा नदीत सोडायला लावल्या.

चाळिशी ओलांडल्यापासून मला एकच भीती आहे. दादाचं ते माझ्यात तर उतरलं नाही ना? मुलगी सहा वर्षांची आहे. रोज सकाळी तिला गाडीनं शाळेत मीच सोडायचो.

सासुरवाडी चाकूरजवळच्या एका खेड्यात. दोन दिवस राहून आम्ही तिघं दुपारी नांदेडला निघालो. अमावस्या होती, म्हणून तर मी मुद्दाम तोच दिवस धरलेला. निघताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज मागच्या रस्त्यानं जावा. फुडच्या रस्त्याला खडी टाकून राहिलेत." मला कुणी इकडून जा म्हणालं की मी तिकडून जातो. गाडी पुढच्याच रस्त्याला घातली. खडीचा एक दगड दिसला तर शपथ! "बघ तुझ्या आईची खडी," मी बायकोला म्हणालो. मुलगी मागच्या सीटवर गाढ झोपली होती.

गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या तिठ्याच्या अलीकडं मला ते दिसलं. रस्त्याच्या मधोमध पत्रावळ, तिच्यावर भात, अंडं आणि कुंकू लावलेलं लिंबू. उतारा. कुणाची तरी पीडा जावी म्हणून ओवाळून टाकलेला. असले उतारे मी आजवर लाथेनं उडवलेत, पोरांच्या देखत. पण या पत्रावळीच्या पलीकडं चपला होत्या. जोडीनं, सरळ लावलेल्या, तोंड माझ्याकडं. डाव्या चपलेच्या अंगठ्यावर तांब्याची तार उन्हात चमकली.

पन्नासच्या वेगात तार दिसते का? नाही दिसत, मलाही कळतं. तरी दिसली. हातांनी मला न विचारता स्टिअरिंग डावीकडं फिरवलं आणि गाडी बाभळीवर जाऊन आदळली.

मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं, बायकोचं कोपर सोललं, बाकी आम्ही धडधाकट. बंपर, रेडिएटर, डावा हेडलाइट आणि मडगार्ड मात्र पार चेंदामेंदा. मी मुलीला कडेवर घेऊन विमा कंपनीला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, गाडी हलवू नका, चारी बाजूंनी फोटो काढा, रस्त्याचेही काढा. "मी बघते कुणी येतंय का मदतीला," म्हणत बायको तिठ्याकडं गेली. फोन ठेवून मी रस्त्याकडं वळलो तर रस्ता रिकामा. डांबर, माझ्या ब्रेकचे काळे वण, ऊन. पत्रावळ नाही, लिंबू नाही, काही नाही.

तरी बाईनं सांगितल्याप्रमाणं गाडीचे नि रस्त्याचे अकरा फोटो काढले.

बायको परत आल्यावर मी विचारलं, "अगं, तुला काही दिसलं का रस्त्यात?"

"काही नव्हतं हो," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

गाडी ओढून नांदेडला आणली. गॅरेजचा मिस्त्री साठीचा, शांत माणूस. त्यानं क्लेम फॉर्म माझ्यापुढं ठेवला. अपघात कसा झाला, या ओळीवर माझा पेन अडला. मिस्त्री बघत होता. म्हणाला, "सर, कुत्रं लिवा. सगळे कुत्रंच लिवतेत. बैल लिवला तर मालक कोण इचारतेत, माणूस लिवला तर पोलीस येतेत. कुत्र्याला वारीस नसतंय." मी लिहिलं, "अचानक कुत्रे आडवे आल्याने". घ्या! नसलेलं दिसत नसतं म्हणणाऱ्यानं नसलेलं कुत्रं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. तेवढ्यावर भागेना. घरी शेजारी विचारायला लागले, नातेवाइकांचे फोन आले, प्रत्येकाला मी कुत्रं सांगत गेलो.

चार दिवसांनी मुलगी शेजारणीला सांगत होती, "लाल कुत्रं होतं. त्याचा एक कान तुटलेला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं." मी कुणालाही रंग सांगितला नव्हता, कान तर मुळीच नाही. "तू झोपली होतीस ना गं?" मी विचारलं. "मी उठले होते," ती शांतपणे म्हणाली. मनात आलं, आमच्या घरात नसलेलं दिसतं. दादाला दिसायचं, मला दिसलं, आता हिला.

त्या तीन आठवड्यांत मी गाडीला हात लावला नाही. गाडीच गॅरेजला होती म्हणा. पण शेजाऱ्यानं त्याची देऊ केली तरी मी नको म्हणालो. मुलीला ऑटोनं पाठवायचो. शाळेत पोरांवर उगाच खेकसायचो. फावल्या वेळात ते अकरा फोटो उघडून बसायचो. बोटांनी मोठे करून डांबराचा इंच न् इंच बघायचो. एखादं शीत दिसेल, कुंकवाचा ठिपका दिसेल. काही दिसायचं नाही. गॅरेजला चक्कर मारायचो तर तिथंही बरं वाटेना. बंपर काढलेली गाडी समोरून बघवत नव्हती, आणि डावा इंडिकेटर कधीही आपोआप लुकलुकायला लागायचा. "वायर शॉर्ट हाय, सर, घाबरू नका," मिस्त्री म्हणायचा. मी घाबरलोय हे त्याला कुणी सांगितलं होतं?

दुरुस्ती झाली. गाडी ताब्यात द्यायच्या आधी विम्याचा सर्व्हेअर पुन्हा तपासायला आला. लातूरचा माणूस, माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा. पहिल्या खेपेला त्यानं मोडलेल्या एकेका भागावर खडूनं खूण केली होती, बदलायचं ते फुली, ठोकून घ्यायचं ते गोल. आता तो त्या यादीवर बोट ठेवून नवा भाग बसलाय की नाही ते बघत होता. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "फाईलीत रस्त्याचा फोटो न्हाई, सर. गॅरेजवाल्यानं नुसते गाडीचे पाठवलेत. तुमच्याकडं असतील ना?"

मी मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं एकेक फोटो बघितला. सातव्यावर थांबला. फोटो मोठा केला. मी इतके दिवस मधलं डांबर बघत होतो, त्यानं कडेला बोट ठेवलं.

"या मॅडम हितं वाकून काय उचलून राहिल्यात?"

फोटोच्या अगदी टोकाला बायको होती, पाठमोरी, रस्त्याकडेच्या चारीच्या काठावर वाकलेली. एका हातात दुमडलेली पत्रावळ. दुसऱ्या हातात काहीतरी पिवळं, गोल.

"लिंबू हाय," सर्व्हेअर म्हणाला. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं मोबाईल परत दिला. "राहू द्या, सर. फॉर्मात कुत्रंच राहू द्या. माझ्याकडं येणाऱ्या कुत्र्यांपैकी निम्मी लिंबंच असतेत. उताऱ्याला फॉर्मात रकाना न्हाई." त्यानं सही केली, मॅडम नसलेला दुसरा फोटो मागून घेतला आणि गेला.

मला काय झालं ते कसं सांगू? मिस्त्रीला मिठी मारावीशी वाटली. होतं! रस्त्यावर होतं! मला वेड लागलेलं नाही, माझे डोळे शाबूत आहेत. गाडी घेऊन मी गाणं म्हणत घरी आलो. रस्त्यात एका रिक्षावाल्याला शिवीसुद्धा दिली, इतका मी बरा झालो होतो.

घरात शिरता शिरता मोबाईल बायकोपुढं धरला. "हे काय आहे?"

ती भाजी निवडत होती. फोटो बघून तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मुलगी आतल्या खोलीत खेळत होती.

"तुमच्यावरूनच उतरवला होता," ती म्हणाली. "पहाटे तुम्ही झोपलेले असताना आईनं. ज्याच्यावरून उतरवतात त्यानं तो बघायचा नसतो, ओलांडायचा नसतो. म्हणून मागच्या रस्त्यानं जा म्हणाली. तुम्ही ऐकता कुणाचं?"

"आणि मी तीन आठवडे मरत होतो! काही नव्हतं म्हणालीस! मला वाटलं माझा दादा झालाय!" मी इतका ओरडलो की माझाच घसा दुखला. "कशासाठी? कशासाठी उतरवला? काय धाड भरली होती मला?"

ती रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "मला पण तेच वाटायलं होतं. दादांचं पण झोपेत बोलणं सुरू झालं होतं, हे तुमच्या आईनंच सांगितलेलं. वर्ष झालं, तुम्ही झोपेत बोलून राहिलात. मी कुणाला सांगू? आईला सांगितलं."

"काय बोलतो मी?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "'थांब, तिथं कुणीतरी ठेवलंय' म्हणता. रोज तेवढंच."

मी खाली बसलो. दादाचं ते वाक्य मी तिला कधी सांगितलं नव्हतं. वर्षभर ही बाई माझ्या शेजारी जागी पडून ते ऐकत होती, आणि सकाळी उठून मला चहा देत होती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला तिची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"काय काय होतं त्या पत्रावळीत?" मी हळू विचारलं.

"भात. अंडं. लिंबू, कुंकू लावून."

"आणि चपला?"

"कसल्या चपला?"

मी सातवा फोटो पुन्हा उघडला. ती वाकलेली होती, तिच्या मागं तिठा होता, ऊन होतं. चपला नव्हत्या. पत्रावळ तिनं उचलली होती, चपला कुणी उचलल्या नव्हत्या, कारण त्या तिथं नव्हत्याच. मग मी तिला सगळं सांगितलं. दारात जोडीनं लावलेल्या चपला, तांब्याची तार, मांजरा नदी, आणि त्या दुपारी तिठ्यावर मला जे दिसलं ते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. सांगताना माझाही बांध फुटला.

खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "आता तू शिकून घे. माझ्या हातात पोरीचा जीव द्यायचा नाही. मी उद्या डॉक्टरची वेळ घेतो."

तिनं किल्ली मुठीत धरली. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. आईच्या मुठीतली किल्ली बघून खूश झाली. "आई चालवणार? मग बाबा, तुम्ही पुढं बसून कुत्र्याकडं लक्ष ठेवा."

"कुत्रं नव्हतं गं बाळा," मी तिला जवळ घेऊन म्हणालो. "बाबा खोटं बोलले होते."

"होतं की," ती म्हणाली. "ते चपला हुंगत होतं."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं, आमचं बोलणं आत ऐकू गेलं असेल. ऐकलंच असणार तिनं. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग आम्ही मुलीला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं फोन करून मी दोन नावं लिहायला सांगितली, माझं आणि मुलीचं.