वरच्या पायरीवरून

शनिवारी फुटबॉलची मॅच झाली की रविवारी सकाळी सहाला कॉलेजचं स्टेडियम झाडायचं, हे काम लष्करी कॅडेटांचं. त्या कमाईतून वर्षाकाठी त्यांचा नाचगाण्याचा समारंभ होई. पन्नास हजार माणसं मागे काय काय टाकून जातात हे ज्याने पाहिलं नाही, त्याने माणसांबद्दल खुशाल चांगलं बोलावं. चीज थापून वाळलेले नाचो, गुंडाळलेले डायपर आणि तंबाखूच्या थुंकीने अर्धे भरलेले ग्लास. शी! ग्लास लवंडला की थुंकी मोज्यांपर्यंत जाई.

कॉरिन स्टबलफील्डला या घाणीची शिसारी इतरांपेक्षा जास्त, कारण तिची घाणीशी ओळख जुनी होती. पश्चिम नेब्रास्कात हायवेवरच्या मोटेलमध्ये तिची आई खोल्या साफ करायची, आणि बारा वर्षांची झाल्यापासून कॉरिनही. लोकांच्या चादरी, लोकांचे केस, लोकांचे संडास. कॉलेज करता करता अधिकारी होता येतं आणि फीही सरकार भरतं, हे कळल्याबरोबर तिने सही ठोकली होती. आता तिसरं वर्ष चालू होतं. यंदा शेरे चांगले पडले तर पूर्णवेळ फौज, नाहीतर राखीव दलात महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत आणि बाकीचे दिवस तेच मोटेल. तिला ते मोटेल नको होतं. एवढीच तिची देशभक्ती, आणि ती तिने कधी लपवलीही नाही.

त्या रविवारी तिच्या हाताखाली तीस कॅडेट दिले होते. त्यांना शिकवणारे कॅप्टन रेडमंड कॉफी पीत शेऱ्याचं कार्ड घेऊन वर बसले होते. कॉरिनने हातमोजे चढवले, सगळ्यात घाणेरडी रांग स्वतःकडे घेतली आणि दोन तास मान वर केली नाही. पलीकडच्या भागावर प्रेस्टन हॉल्डेन होता, कर्नलचा मुलगा. तो वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याने साधा कागदाचा कपटाही उचलला नाही. त्याला 'उत्कृष्ट' मिळालं. कॉरिनला 'बेताचं'.

तिने काय चुकलं म्हणून विचारलं.

"दोन तास मला तुझी नुसती पाठ दिसली, स्टबलफील्ड," कॅप्टन म्हणाले. "ग्लास उचलायला तीस जण आहेत. तुला अधिकारी व्हायचंय की सफाईवाली?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फौजेत ती आग गिळायची असते. पुढच्या रविवारी आणखी एक संधी आहे, त्यानंतर कार्ड वर पाठवणार, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी कॉरिन वरच्या पायरीवर उभी राहिली. बाविसाव्या रांगेत कोणीतरी रात्री बिअर आणि हॉटडॉग सगळं ओकून ठेवलं होतं. तिथे तिने मारिसेला किरोझला धाडलं. पहिल्या वर्षाची, अठराची पोर. ती वाकली, वास नाकात गेला आणि तिथेच तिलाही उलटी झाली. तीसही जण थांबले आणि वर कॉरिनकडे बघू लागले.

कॉरिनचा पाय आपोआप एक पायरी खाली आला. तेवढ्यात कॅप्टनने खिशातून पेन काढलं. तिने पाय मागे घेतला.

"किरोझ, रांग अजून बाकी आहे," ती म्हणाली. "आणि आत्ता केलंस तेही तुलाच काढायचंय."

मारिसेलाने दोन्ही काढलं. बाहीत नाक खुपसून, पण काढलं.

शेवटी कॅप्टनने सगळ्यांना गोळा करून कॉरिनची ती दोन वाक्यं म्हणून दाखवली. आवाज चढला नाही, उतरलेला पाय मागे घेतला, याला ताबा म्हणतात, असं म्हणून कार्डावर 'उत्कृष्ट' लिहिलं. त्या मोटेलमध्येही कॉरिनला कधी स्वतःची एवढी घाण वाटली नव्हती. मारिसेला आता आपल्याकडे द्वेषाने बघेल, मनातल्या मनात शिवी घालेल, तर बरं, असं तिला वाटत होतं.

मारिसेला जवळ आली. हात धुऊनही तिच्या अंगाला वास येत होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकलेलं टिपायला बाळगावी लागते ती छोटी वही तिने उघडली होती.

"मॅडम, 'रांग अजून बाकी आहे' याच्या पुढे नक्की काय म्हणालात?" तिने विचारलं. "कॅप्टन भराभर बोलले."

कॉरिनने सांगितलं. मारिसेलाने ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं.