पूर्ण हजेरी

आमच्या पशुवैद्यकांच्या संघटनेला शाखा किती, हे संघटनेलाही धड सांगता यायचं नाही. देशाची एक, तिच्याखाली राज्याची, मग विभागाची, जिल्ह्याची आणि पार शेपटाला आमची भोर-वेल्ह्याची. विषयांच्या शाखा वेगळ्याच: शस्त्रक्रियेची, प्रजननाची, कोंबड्यांची, कुत्र्या-मांजरांची. शेपटाची सचिव मी. आठ वर्षं झाली. दुसरं कुणी घेत नाही म्हणून. म्हशींच्या पोटात हात घालून घालून उजवा खांदा कामातून गेलाय, आणि उरलेला जीव शाखेच्या पत्रव्यवहारात. खोटं कशाला बोलू, मी कंटाळलेय.

आठ वर्षांत शाखेनं उपयोगाचं असं एकच काम केलं. दोन्ही तालुक्यांतल्या अकरा डॉक्टरांचे मोबाईल नंबर एका कार्डावर छापले आणि गावोगावच्या डेअऱ्यांत वाटले. एकाचा लागला नाही तर खालच्याला करा. उत्रोलीपासून पार पासलीपर्यंत हे कार्ड गोठ्यागोठ्यात खिळ्याला अडकवलेलं दिसतं.

पासलीच्या एका मावशींच्या गोठ्यातही ते होतं. घरात मावशी, सून आणि एक म्हैस. मुलगा पुण्याकडं कंपनीत. म्हैस दोन वर्षं गाभण राहत नव्हती. व्यापारी दारात चकरा मारायला लागला होता. मावशी त्याला म्हणाल्या होत्या, "हिला म्या दावनीलाच म्हातारी करीन, पर तुज्या टेम्पोत घालनार न्हाई." मग मी हट्टाला पेटले. वेल्ह्याच्या पुढचा तो घाटाचा रस्ता किती वेळा तुडवला, देव जाणे. शेवटी एकदाची म्हैस गाभण राहिली आणि मावशींनी मला खरवसाचं आमंत्रण सात महिने आधीच देऊन टाकलं. दिवस भरत आले तेव्हा तपासून मी सांगितलं होतं, "कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा. मी येते."

त्याच सुमाराला विभागाच्या शाखेचं पत्र आलं. लागोपाठ दोन वार्षिक सभांना तुमच्याकडे कोरम भरलेला नाही. यंदाही भरला नाही तर तुमची शाखा शेजारच्या तालुक्याच्या शाखेत विलीन करण्यात येईल. वातानुकूलित खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! कोरम भरणार कसा? प्रत्येक सभेला आमच्यातले दोघं मागं राहायचे, एक भोरला, एक वेल्ह्यात. जुनी रीत होती ती, कुठं लिहिलेली नव्हती. त्यात कुणाची गाय फुगलेली, कुणाच्या शेळीला साप चावलेला, म्हणून आणखी दोघंतिघं अर्ध्यातून उठून जायचे. खुर्च्या रिकाम्या आणि पोहे उरलेले.

जाऊ दे की विलीन, असं घरी म्हणून झालं माझं. पण माझ्या हातून शाखा बुडाली हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. सगळ्यांना फोन करून दम भरला: यंदा मागं कुणी राहायचं नाही, चार तासांत आभाळ कोसळत नाही. माझा तोंडाळपणा दोन्ही तालुक्यांना ठाऊक आहे; अकराच्या अकरा जण आले. भोरच्या सभागृहाच्या दारात मी घमेलं घेऊन उभी राहिले आणि सगळ्यांचे मोबाईल आवाज बंद करून त्यात टाकायला लावले. माझाही टाकला. भोंगवलीचा दवाखाना सांभाळणारा आमचा सहकारी म्हणाला, "मॅडम, कुणाचा अर्जंट आला तर?"

"तू काय शस्त्रक्रियेचा प्राध्यापक लागून गेलास? बस गप," मी म्हणाले. सगळे हसले. घमेलं आतल्या खोलीत ठेवून मी कडी लावली.

प्रजननाच्या शाखेकडून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. माणूस खरंच जाणता. विषय होता, विताना म्हशीच्या गर्भपिशवीला पडणारा पीळ. ओल्या फडक्याला पिळा द्यावा तशी पिशवी फिरते आणि वासराची वाट बंद होते. म्हशीला आडवी पाडून, पोटावर फळी दाबून लोळवायचं, म्हणजे पीळ सुटतो. प्राध्यापक म्हणाले, "पहिले दोन-तीन तास हातात असतात. नंतर वरातीमागून घोडं." आम्ही वह्यांत उतरून घेतलं. मला तर फार बरं वाटत होतं. किती वर्षांनी खुर्च्या भरलेल्या बघत होते.

जेवणाच्या सुट्टीत घमेलं बाहेर आणलं. ज्यानं त्यानं आपापला मोबाईल उचलला. "हा नंबर कुणाचा ओ?" असं एकानं विचारलं, तर दुसऱ्याच्याही मोबाईलवर तोच नंबर. अकराही मोबाईलांवर तोच. कार्डावर नावं ज्या क्रमानं छापली होती त्याच क्रमानं, दोन-तीन मिनिटांनी. खालपर्यंत गेल्यावर पुन्हा वरून सुरुवात. माझ्या मोबाईलवर सहा वेळा. मावशींच्या सुनेचा नंबर मला तोंडपाठ होता.

पहिला फोन आम्ही आत बसलो तेव्हाचा, म्हणजे तीन तासांपूर्वीचा.

मी तशीच गाडीत बसले. भोरहून पासली म्हणजे आधी हायवेला जायचं, मग वेल्हे, मग घाट. कितीही हाणली तरी दोन तास. वाटेत फळीचं सांगायला सुनेला सारखा फोन लावला, पण लागेना, आणि वेल्ह्याच्या पुढं माझी रेंजच गेली. त्या दोन तासांत मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येत नाहीत.

पोचले तेव्हा म्हैस आडवी पडली होती. कान थंडगार. हात घातला तर मनगटापुढं जाईना. वाट पिळली होती, अगदी वहीत लिहिल्यासारखी. शेजारचे सहा-सात गडी धावले, दाराची फळी काढली, म्हशीला लोळवलं. दुसऱ्या खेपेला पीळ सुटलेला हाताला कळला आणि क्षणभर मला वाटलं, वाचवली. मग वासरू ओढून काढलं. रेडी होती, मेलेली. तिच्यामागोमाग काळं रक्त आलं आणि मी समजले, पिशवी आतून कामातून गेली होती. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, जे जे होतं ते सगळं केलं. दिवस मावळायच्या आत म्हैस गेली.

मी अंगणातल्या दगडावर बसले. खांदा ठणकत होता. मावशी तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या हातावर पाणी घालायला लागल्या. आता बोलतील, मला वाटलं. बोलायलाच हव्या होत्या. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "लई फोन केलं. वाजायचं, पर एक बी मानूस उचलंना. एकाचं समजून घिऊ, समद्यांना एकदमच काय झालं? मला वाटलं, तुमी समदी एका गाडीनं कुठं निगाला आन गाडी दरीत गेली. सुनंला म्हनलं, म्हशीचं ऱ्हाऊ दे गं, आदी कुनाला तरी इचार, डाक्टर लोकं हाईत का न्हाईत." तांब्या खाली ठेवून त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "समदी नीट हाईत न्हवं?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आहेत मावशी," मी म्हणाले. "सगळे नीट आहेत."

"मग बरं झालं बाई," म्हणाल्या, आणि म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडायला गोठ्यात गेल्या.