रॉक व्हिडिओतला वाघोबा

पन्नाशी गाठलेल्या माणसाने एकच रॉक व्हिडिओ रोज बघावा का, यावर आमच्या घरात एकमत आहे. त्या एकमतात मी नाही. पुण्याच्या पोरांचा बँड आहे. नाव देत नाही, त्यांच्या डोक्यात आधीच पुरेशी हवा आहे. गाणं बेताचं. गायकाच्या घशात काहीतरी अडकलंय आणि तो मदत मागतोय, असं वाटत राहतं. पण चित्रं! उजाड पठारावर डोक्यावरून पांढऱ्या चादरी घेतलेली माणसं, नुसती उभी. उसातून चालणारा काळ्या कोटातला गायक, आणि त्याच्या मागे मिटत जाणारा ऊस. शेवटी धरणाच्या कोरड्या पोटात शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड, धूर, शेजारी डोळे मिटून गिटार वाजवणारा. मेअखेरीस ठरवलं, या तिन्ही जागा बघायच्या. घरात कुणी अडवलं नाही, हे जरा लागलं.

आळेफाट्याला मिसळ खाऊन घ्या, पुढे आणे घाट चढला की खाण्याचे हाल आहेत. पठारावर वारा एवढा, की गाडीचं दार उघडायला दोन हात लागले. टपरीवाल्याला चादरीवाल्यांबद्दल विचारलं.

"लई हसलो राव तवा," तो म्हणाला. "पर जेवायच्या टायमाला त्यांनी माणसं मोजली, तर एक चादर जास्त भरली."

"म्हणजे?"

"म्हंजे काय, चहा घ्या."

मी चहा घेतला. पठाराकडे पाठ करून प्यावा असं काही वाटेना.

तिथून पारगाव. कारखान्याचं गळीत कधीच संपलं होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोडणीनंतर पुन्हा फुटलेला खोडव्याचा ऊस. फोटोसाठी आत शिरू नका. बिबट्याची मादी पिल्लं उसातच घालते, आणि तिला तुमचे फॉलोअर किती हे ठाऊक नसतं. मी बांधावरच थांबलो. वारा पडला होता. आत कुठेतरी एकच सरी सळसळत पुढे गेली, थांबली, आणि परत माझ्या दिशेने यायला लागली. व्हिडिओत हे सुंदर दिसतं. मी गाडीत बसलो.

मुक्काम घोडेगावात केला, आणि सकाळी डिंभे धरण. एसटीच्या भरवशावर येऊ नका, ती तिच्या मनाने येते. पाणी तळाला गेलं होतं आणि बुडालेल्या गावाची जोती गाळातून वर आली होती. वाट दाखवायला खंडूभाऊ आले, मासेमारी करणारे, वरच्या काठावर वसवलेल्या वस्तीतले. वाघोबाचा व्हिडिओ बघून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"तुमच्याकडं हाय तो? आमाला नेटची रेंज न्हाई. दावा."

दगडापासून अंतर राखून वस्तीतली आणखी चार-पाच माणसं जमली. गाळात बसून त्यांनी माझ्या फोनवर उतरवून ठेवलेला तो व्हिडिओ बघितला. गायक किंचाळला तसे सगळ्यांनी हात जोडले. मला हसू येणार होतं, आलं नाही.

गोष्ट अशी होती. वाघोबाजवळ जायचं ते फक्त भगताने, म्हणजे त्याच्या पुजाऱ्याने. बाकीच्यांनी लांबूनच, नजर खाली ठेवून पाया पडायचं. शूटिंग झाल्यावर त्या पोरांनी दगड उपटून कडेला आडवा टाकला. पाणी चढलं, त्याच पावसाळ्यात भगत वारला. पुढच्या उन्हाळ्यात दगड उभा करायची वेळ आली, तर त्याचं तोंड कुठं होतं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. कुणी म्हणे राखणदार वस्तीकडं बघतो, कुणी म्हणे रानाकडं. भांडण मिटवलं या व्हिडिओने, वस्तीतल्या एकाने तो घोडेगावात बघून येऊन सांगितलं: मागे पाणी, वाघाचा जबडा उजवीकडे. उजवीकडे वस्ती. तसाच बसवला.

"तवापासून जनावर रोज येतंय," ठमाबाई म्हणाल्या. त्यांचं घर वस्तीच्या टोकाला. "कुत्रं नेलं, शेळी नेली. आता वट्यावर बसून ऱ्हातंय. नातीला मी परसाकडं सुदीक एकली सोडत न्हाई, दादा."

गाळात ठसे होते. दगडापासून निघून थेट त्यांच्या घराकडे, सरळ रेषेत.

मी शहाणा माणूस आहे. बिबटे का वाढले यावर मी तासभर बोलू शकतो. ते सोडून मी तो शॉट थांबवला, आणि रोज बघूनही न दिसलेलं दिसलं. गिटारवाला सगळ्या व्हिडिओभर उजव्या हाताने तारा छेडतो. फक्त या शॉटमध्ये डाव्या. संपादकाने चित्र आरशासारखं उलटं केलं होतं, चांगलं दिसतं म्हणून.

"म्हणजे वाघाचं तोंड डावीकडं होतं," मी बोलून गेलो. "रानाकडं."

खंडूभाऊंनी पागोटं सारखं केलं. "तरीच. आमी त्याला आमच्यावरच सोडलंय व्हय."

भगताच्या पुतण्याला बोलावलं, चुलता असेपर्यंत तोही कधी दगडाजवळ गेला नव्हता; नारळ फुटला. दगड फिरवताना सगळे पाठ करून उभे राहिले, मीसुद्धा. खालचा गाळ सुटल्याचा आवाज श्वास सोडल्यासारखा आला. इतका वेळ काठावर ओरडणाऱ्या टिटव्या गप्प झाल्या होत्या.

पुण्यात परतून आता तीन आठवडे झाले. रस्ता छान आहे, माणसं प्रेमळ आहेत, उन्हाळ्याच्या शेवटीच जा, वगैरे सगळं खरं. परवा खंडूभाऊंचा फोन आला. धरण चढतंय, दगड पाण्याखाली गेला. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो कुणालाच दिसायचा नाही. मग त्यांनी फोन ठमाबाईंना दिला.

"लई उपकार झाले, दादा. येत न्हाई आता. उकडतंय म्हनून मी अन् नात वट्यावरच निजतो."

मी म्हटलं, ठमाबाई, ऊस आहे, बिबट्या आहे, हा केवळ योगायोग असेल. आत झोपा. दाराला कडी घाला.

त्या हसल्या. "आता कशाला? तुमीच तर सांगितलं त्यो कुठं बघतोय."