बदली

"आत्या, मॅच हातची चाललीय. बदली उतरवू?" काल भाच्याने मोबाइलवरून मान न उचलता विचारलं आणि मला बाबा आठवले.

फुटबॉल टीमचा मॅनेजर व्हायचा हा असलाच खेळ मी कॉलेजात असताना लालबागच्या आमच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर खेळायचे. खेळाडूंना चाळीतल्या माणसांची नावं दिली होती. हरत हरत माझा डाव बसत आला होता. समोरचे दमले की शेवटी एक ताज्या दमाचा स्ट्रायकर आत सोडायचा. त्या हुकमाच्या एक्क्याला मी बाबांचं नाव दिलं होतं.

एका दुपारी बाबा मागे येऊन उभे राहिले. मी कौतुकाने म्हटलं, "बाबा, हे तुम्ही. माझे बदली!"

त्यांचा हसरा चेहरा एकदम उतरला. "हयसर पण बदलीच काय गो?"

बाबा मिलमध्ये बदली कामगार होते. रोज गेटवर उभं राहायचं आणि कुणी कायम कामगार आला नाही, तरच आत जायला मिळायचं. मग संप झाला आणि त्यांची मिल पुन्हा उघडलीच नाही. मला हे ठाऊक होतं, पण ते आईकडून. बाबा मिलचं नावसुद्धा काढत नसत.

घाईघाईत मी सगळा डाव मोडला आणि त्यांना तिथल्या तिथे मैदानात उतरवलं. "बघा, घेतलं आत."

पडद्यावरचं आपलं नाव त्यांनी सावकाश वाचलं. "कायम केलंस?"

थट्टा करतायत म्हणून मी हसत मागे वळले. बाबा हसत नव्हते.