फुलपात्रांवरचा बो

पुंडलिकनगरात तेव्हा जिकडंतिकडं नव्या इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नवव्या दिवशी येत होतं. त्या दुष्काळात मी घरी केक करून विकायचे. मागच्या गल्लीतल्या वहिनींना लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवर मोठा गुलाबी बो, म्हणजे रिबिनीच्या फुलासारखी गाठ, हवा होता. तो फॉन्डंटचा करतात; फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीकच. कडक व्हायची पावडर घालून मळली, तरी कूलरच्या दमट वाऱ्यानं दोन बो बसले. तिसऱ्यांदा सकाळीच कूलर बंद केला, बोच्या दोन्ही पाकळ्या दोन फुलपात्रांभोवती गुंडाळून वाळत ठेवल्या आणि घामानं निथळत राखण करत बसले.

दुपारी सासूबाई ओरडल्या, "नळ आलाय." पातेली भरली, डबे भरले, कुकरसुद्धा भरला. मग सासूबाई फुलपात्रांकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या. दोन्ही मिळून चार घोट पाणी मावलं असतं. मीच पाकळ्या ओरबाडून काढल्या. आतून ओल्याच होत्या, लगेच बसल्या. वर सासूबाईंनाच वाट्टेल ते बोलले.

संध्याकाळी वहिनी आल्या. बो का नाही, ते मी पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी केककडं पाहिलंही नाही. हातातली रिकामी कॅन पुढं केली.

"आमच्याकडं नळ आलाच नाय. पाहुणे यायलेत, थोडं पाणी द्या."

मी कॅन भरून दिली. एका हातात केकचा खोका, दुसऱ्या हातात कॅन घेऊन त्या जिना उतरल्या. खोका पार तिरका झाला होता. कॅन सरळ होती.