एक्केचाळीस नंबरची तीन पानं

संशोधन केंद्रात सगळे तिला विहीणबाई म्हणत, कारण एकोणीस वर्षं ती झुडपांच्या सोयरिकी जुळवत आली होती. बागेतली बेरी गोड, पण भुरीचा रोग पडला की पानं पीठ उधळल्यासारखी पांढरी. रानातला तिचा भाऊबंद काटेरी, आंबटढाण, पण भुरीला दाद न देणारा. विहीणबाई गोड झुडपाची कळी उमलायच्या आधीच चिमट्याने तिचे पुंकेसर काढायची, रानटी फुलाचे पराग ब्रशने लावायची आणि वर कागदी पिशवी बांधायची. शंभरात चार फुलं धरत. त्यातून उगवलेली रोपंही बहुतेक वांझ, नाहीतर आईचा रोग आणि बापाचे काटे घेऊन आलेली.

एक्केचाळीस नंबरच्या रोपाला मात्र गोड फळं लागली. चाचणीचा नियम साधा होता: शेजारी मुद्दाम रोगट झुडपं लावायची, औषध मारायचं नाही, पानाला हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या तीन पानांवर तिला पांढरे ठिपके दिसले. वेडी माया, दुसरं काय! तिने ती पानं खुडून खिशात घातली.

आता साहेबांनी रोप निरोगी ठरवलं होतं आणि सोमवारी त्याची कलमं बागायतदारांकडे जायची होती. सकाळी चहा पिताना नवऱ्याने सल्ला दिला, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला चहा गोड लागेना. तिच्या लाडापायी लोकांच्या बागा बसल्या तर?

तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं. नोकरीपेक्षा तिला भीती होती ती एक्केचाळीस उपटून टाकतील याची. साहेबांनी चाचणीची वही पुढे ओढली.

"तीनच पानं होती?"

"तीनच. पण रोग पुढे पसरला असता की नाही, ते आता कसं कळणार? मीच कळू दिलं नाही."

कलमं थांबली. चाचणी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या हंगामात सात पानांवर ठिपके आले. विहीणबाई रोज हात पाठीमागे धरून समोर उभी राहायची. शाळेत शिक्षा झाल्यासारखी, असं माळी चिडवायचा. शेजारची झुडपं पांढरीफटक पडली. एक्केचाळीसचे ठिपके मोहरीएवढेच राहिले, मग वाळले, आणि वर नवी पालवी फुटली. तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

बागायतदारांना द्यायच्या चिठ्ठीवर काय लिहायचं, साहेबांनी विचारलं. तिने पेन मागून घेतलं आणि लिहिलं: भुरी येते. झाड तिला पुरून उरतं.